चार कांड्या, एक घाट

धामणगाव बढेहून बुलढाण्याला निघालेली बॅटरीची गाडी मोताळ्यात चार कांड्या दाखवते. राजूर घाटाची दोन वळणं चढली की एक. घाबरून सावलीत उभी केली, बिडी-काडी झाली, की पुन्हा तीन.

सावलीत चार्जर कुणी लावला?

कुणीच नाही. स्वस्त गाडीतला काटा बॅटरीत वीज किती उरली हे मोजतच नाही. तो व्होल्टेज बघतो आणि अंदाज ठोकून देतो. नळाची धार बघून टाकीत पाणी किती ते सांगण्यातला प्रकार. शेजाऱ्याने पंप लावला की धार बारीक, टाकी मात्र भरलेली. चढावर मोटर दणकून करंट ओढते, व्होल्टेज बसतं, काटा खाली येतो. रेस सोडली की व्होल्टेज सावरतं आणि काट्याच्या जिवात जीव येतो.

आपल्या येत नाही.

ताशी 25 किलोमीटरच्या आत, 250 वॅटच्या आत, म्हणून ना लायसन्स ना पासिंग, अशा गाड्या घेऊन पोरं-पोरी कॉलेजला जातात. त्यातल्या कित्येकांत 12 व्होल्टच्या पाच लेड ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. भरलेल्या असताना सगळ्या मिळून 64 व्होल्टच्या आसपास, संपताना 52 च्या. एवढ्याशा जागेत चार-पाच कांड्या बसवायच्या. बॅटरी जुनी, मागे डबलसीट आणि पुढे खताची पिशवी असेल तर यातले बरेचसे व्होल्ट पहिल्याच चढाला गायब. शिवाय काटा पाचही बॅटऱ्यांची बेरीज बघतो. त्यातली एक मेलेली असली तरी बेरीज बरी दिसते.

गाडी बेरजेवर चालत नाही. ती सगळ्यात कमजोर बॅटरीपाशी थांबते.

मग लिथियम घ्या, दुकानदार म्हणतो. घ्या की! त्यातली एलएफपी बॅटरी तर याहून वस्ताद. तिच्या एका सेलचं व्होल्टेज पोट भरलेलं असो की अर्धं, 3.3 च्या आसपासच घुटमळतं आणि शेवटी धाडकन कोसळतं. नुसत्या व्होल्टेजवर तिचा अंदाज बांधायचा म्हणजे ज्योतिषच.

म्हणून महागड्या गाड्या करंटचा हिशेब ठेवतात. आत किती गेला, बाहेर किती पडला. पद्धत चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण मोजताना बारीक चूक होते, ती रोज साठते, आणि बॅटरी काठोकाठ भरली की मगच हिशेब नव्याने जुळवला जातो. काठोकाठ. आता गावात लाईट किती वेळ टिकते ते मी तुम्हाला सांगायला नको. रात्री बॅटरी 80 टक्क्यांवर आली की लाईट गुल. पहाटे येते तोवर कुणीतरी गाडी तशीच काढून शेतात गेलेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हिशेब जुळायचा कधी?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा इन्व्हर्टर असतो.

आणि तरी रुबाब बघा. काही गाड्या कांड्या नाही, थेट आकडा दाखवतात. 63 टक्के. चौसष्ट नाही, बासष्ट नाही, त्रेसष्ट! अंदाजाला आकड्याचा सदरा घातला की त्याला विज्ञान म्हणायचं.

बरं, हे टक्के तरी कशाचे? बॅटरी वर्षागणिक आक्रसते. विदर्भाचा मे महिना तर तिचं आयुष्य कुरतडतोच. गंमत म्हणजे गरम बॅटरीचं व्होल्टेज चढावर कमी बसतं. म्हणजे जीव घेणाऱ्या उन्हात काटा उलट खुशीत. जानेवारीच्या पहाटे नेमकं उलटं. आणि रोज सकाळी तेच शंभर टक्के, उरलेल्या बॅटरीचे.

जुन्या कित्येक मोटरसायकलींना काटाच नव्हता. गाडी हुचकली की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप गाठायचा. त्या कॉकने कुणाला त्रेसष्ट टक्के सांगितले नाहीत.

बाजार समितीत कापसाच्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पेट्रोल पंपावर संशय आला तर पाच लिटरचं माप मागायचा हक्क आहे. बॅटरीच्या काट्याबद्दल संशय आला तर? ट्रिप मीटर शून्यावर आणा, फुल चार्जवर गाडी किती किलोमीटर जाते ते घरातल्या कॅलेंडरवर लिहा, दर दोन महिन्यांनी पुन्हा बघा. सध्या तेवढंच माप आहे, आणि तेही तुमचं तुम्ही करायचं.

मग ते कॅलेंडर घेऊन वॉरंटी मागायला जा. मेकॅनिक गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावेल. चावी फिरवेल. गाडीवर ना ओझं, ना चढ. सगळ्या कांड्या झरझर उभ्या राहतील.

‘‘फुल्ल तर दाखवतेय ना, भाऊ!’’