मिरचीपूर्व काळाचे रहिवासी

मराठी वाचकवर्गाची स्थूल विभागणी करायची झाल्यास शिवकालात रमणारे, पेशवाईत रमणारे आणि कोठेच न रमता दिवाळी अंक चाळून बाजूला ठेवणारे असे तीन गट कोणालाही सांगता येतील. चौथा गट संख्येने लहान असला तरी उपद्रवाने लहान नसल्यामुळे त्याची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते. या गटातील गृहस्थ प्राचीन काळात राहतात आणि केवळ वीजबिल भरण्यापुरते वर्तमानात येतात. बुद्धीवर जगणारा तो बुद्धिजीवी, या न्यायाने पुरातनावर जगणाऱ्या या माणसाला पुराजीवी म्हणावयास हरकत नसावी. त्याची ओळख करून देण्याची वास्तविक गरज नाही, कारण प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत, प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारिणीत आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत नेमका शेजारच्या खुर्चीवर तो असतोच.

पुराजीवीचे कालमान सामान्यांहून निराळे असते. १७६१ची पानिपतची लढाई त्याच्या लेखी चालू घडामोडींत मोडते आणि तिच्याविषयी मत देण्याइतका काळ अद्याप लोटलेला नाही, असे तो गंभीरपणे सांगतो. हरिभाऊ आपट्यांचे नाव निघाले की इतरांना ‘उषःकाल’ आठवते, याला ‘चंद्रगुप्त’ आठवते. त्याचे कायमचे घर सातवाहनांकडे असते. सातवाहन म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे काही शतके प्रतिष्ठानहून, अर्थात आजच्या पैठणहून, दख्खनवर राज्य करणारे घराणे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा या घराण्यावरील ग्रंथ त्याच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर असतो. सुट्टीत मात्र तो रोमला जातो. हा प्रवास पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घासाघीस करून मिळवलेल्या कादंबऱ्यांच्या आधारे होतो, ज्यांत रॉबर्ट ग्रेव्हजची १९३४ची ‘आय, क्लॉडियस’ आणि सम्राट हेड्रियनच्या तोंडून आत्मकथन करवणारी मार्गरित युर्सनार यांची १९५१ची कादंबरी या दोन्हींच्या बांधण्या सुटेपर्यंत पारायणे झालेली असतात.

येथपर्यंतचा पुराजीवी निरुपद्रवी आहे. उपद्रव त्याच्या खिशातील पेन्सिलीपासून सुरू होतो. एखाद्या काळाच्या चित्रणात त्या काळी नसलेली वस्तू, शब्द किंवा कल्पना शिरली तर त्या दोषास कालविपर्यास म्हणतात, आणि कालविपर्यास हुडकून त्याच्या समासात रेघ मारणे हे पुराजीवीच्या वाचनसुखाचे अर्ध्याहून अधिक अंग असते. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये कटवाले जमलेले असताना घड्याळाचे ठोके पडतात, रोममध्ये सावलीवरून वा पाण्यावरून वेळ मोजणारी साधने होती, ठोके देणारे घड्याळ नव्हते, हे तो नाट्यगृहात मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा स्वरात सांगतो. चित्रपटात अलेक्झांडरचे घोडेस्वार दौडत आले की बाकीचे प्रेक्षक अलेक्झांडरकडे पाहतात, हा घोडेस्वारांच्या पायांकडे पाहतो, कारण त्या काळी ग्रीकांकडे रिकिबी नव्हत्या आणि पाय लोंबकळत असावयास हवेत. सीझरला कोणी सम्राट म्हटले की तो डोळे मिटून घेतो. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, तोही इसवी सनापूर्वी २७ पासून. सीझरचा खून त्याआधी सतरा वर्षे, इसवी सनापूर्वी ४४ मध्ये झालेला. अर्थात घड्याळ, रिकीब आणि सम्राटपद ही सर्व गौण प्रकरणे होत. मुख्य प्रकरण मिरचीचे आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचेपर्यंत उरलेल्या जगाला तिचा पत्ता नव्हता आणि ती आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात, १५१०मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापारातून. त्यापूर्वी तिखटाचे काम मिरे, पिंपळी आणि आले यांच्याकडे होते; इतकेच काय, ‘मिरची’ हे नावही नवागत मिरचीने मिऱ्यांकडूनच उसने घेतले. ही माहिती बहुतेकांना एकदा कळते आणि ते ती विसरून जेवू लागतात. पुराजीवीस ती विसरता येत नाही. त्याने इसवी सनाचा व्यवहारात त्याग केला असून इतिहासाचे मिरचीपूर्व आणि मिरच्युत्तर असे दोनच कालखंड मानले आहेत. अजिंठा मिरचीपूर्व, ज्ञानेश्वरी मिरचीपूर्व, रायगड मिरच्युत्तर. एखादी ऐतिहासिक कादंबरी हाती आली की तो प्रथम प्रस्तावना वाचत नाही, तर स्वयंपाकघराची प्रकरणे शोधतो, आणि चाणक्याच्या आश्रमात कोणी पाट्यावर मिरची वाटताना सापडल्यास पुस्तक तेथेच मिटून लेखकाच्या नावापुढे एक लहानसे फुलीचिन्ह करतो.

या दृष्टीने पाहू लागल्यावर मराठी माणसाचे ताट म्हणजे कालविपर्यासांचे संग्रहालय ठरते, आणि पुराजीवी त्या संग्रहालयाचा विनावेतन मार्गदर्शक असतो. बटाट्याच्या भाजीवरून त्याची पेन्सिल फिरते, टोमॅटोच्या सारावरून फिरते, मक्यावरून, काजूवरून, पपईवरून आणि पेरूवरून फिरते. ज्वारी आफ्रिकेतली असली तरी हजारो वर्षांपूर्वी आल्यामुळे तिला अधिवासाचा दाखला मिळालेला आहे. एकादशीच्या दिवशी तर त्याच्या प्रतिभेस बहर येतो. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला, खिचडीतला बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचाच आणि मिरचीबद्दल तर बोलावयासच नको. रताळे आणि राजगिरा यांचीही चौकशी केल्यास मूळ गाव तेच निघते. तात्पर्य, सर्वांत जुना आचार पाळण्याच्या दिवशी मराठी माणूस सर्वांत नवे धान्यकंद खातो आणि खऱ्या अर्थाने उपवासाला वरी व शिंगाडा तेवढे उरतात, असा सिद्धान्त तो खिचडीची दुसरी बशी पुढे करता करता मांडतो. दसऱ्यास दारावर झेंडूचे तोरण बांधण्यासाठी त्याला स्टुलावर चढवले असता, झेंडू मूळचा मेक्सिकोचा असून रामाच्या विजयोत्सवात तो असणे शक्य नाही, हे तो स्टुलावरूनच सांगतो आणि तोरण अर्धे लोंबत राहते.

एका घरी या प्रकरणाचा निकाल लावण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद आहे. ‘अहो, तुम्हाला हवं तसंच आज केलंय,’ असे सांगून पत्नीने एका रविवारी शुद्ध मिरचीपूर्व भोजन वाढले: ज्वारीची भाकरी, मिऱ्याची पूड घातलेले कुळथाचे पिठले, तुपातले वांगे, ताक. पुराजीवीने आनंदाने दोन घास घेतले, तिसऱ्या घासाला तो अंतर्मुख झाला, चौथ्याला त्याची नजर फडताळातील बरणीकडे वळली. शेवटी ‘अगं, तो ठेचा आहे का गं?’ हा प्रश्न आलाच. त्यावर ‘आहे, पण तो पंधराशे वर्षांनी मिळेल,’ असे उत्तर मिळाले. इतिहासाचे अध्ययन आणि आहार या भिन्न ज्ञानशाखा असून त्यांची गल्लत करू नये, हा नियम त्याने त्यानंतर तयार केला.

स्मरणशक्तीच्या बाबतीतही अशीच वाटणी आढळते. पाँपेई हे नगर गाडून टाकणारा वेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये २४ ऑगस्टला झाला असे दीर्घकाळ मानले जाई, पण २०१८ मध्ये तेथील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली नोंद मिळाल्यापासून तो ऑक्टोबरमधला असावा या मताने जोर धरला आहे. ही दुरुस्ती पुराजीवीने त्याच आठवड्यात आपल्या सर्व पुस्तकांत पेन्सिलीने केली. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र त्याला शेजारी सांगतात. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री हिने आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, केलेली प्रशंसा त्याला मुखोद्गत असते: चेहरा पूर्ण चंद्रासारखा, घोडी तीन समुद्रांचे पाणी प्यालेली, शिवाय आईच्या सेवेत कधी खंड न पडलेला. हा लेख सासूने लिहविला आहे, सुनेचे मत कोठे कोरलेले नाही, एवढीच टीका त्यावर त्याच्या घरून होते.

तथापि या माणसाला नेमके काय मिळते, हा प्रश्न शिल्लक राहतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला; ती नाणी क्षहरात घराण्याच्या नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. सामान्य वाचकास येथे एका युद्धाचा निकाल दिसतो. पुराजीवीस दिसतो तो टांकसाळीतील माणूस, नऊ हजार वेळा घण उचलल्यामुळे खांदा धरलेला आणि घरी गेल्यावर बायकोकडे तेल मागणारा. प्लिनी हा रोमन ग्रंथकार, भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार करतो, आणि ४०८ मध्ये रोमला वेढा घालणारा गॉथ राजा अलारिक सोन्यारुप्याबरोबर तीन हजार पौंड मिरे खंडणीत मागतो. ही वाक्ये वाचताना पुराजीवीस घाटातून उतरणाऱ्या बैलांच्या घंटा ऐकू येतात. मिरची नाकारण्याच्या हट्टामागे मिऱ्यांविषयीचा हा जिव्हाळा असतो, हे लक्षात येण्यास त्याच्या सहवासात फार वर्षे काढावी लागतात आणि तेवढा धीर थोड्यांनाच असतो.

त्याचा हट्ट समाजास उपयोगी पडल्याचा प्रसंग एकच सांगता येईल आणि तोही समाजास आवडलेला नाही. गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर एके सकाळी, पूर्वजांकडे सर्व काही होते, विमाने होती, शस्त्रक्रिया होत्या, आपला आहार व आचार पाच हजार वर्षे जसाच्या तसा शुद्ध राहिला आहे, अशा आशयाचा लांबलचक मजकूर आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पुराजीवीने दोनच शब्द लिहिले: ‘मिरची नव्हती.’ त्याला गटातून काढण्यात आले. प्राचीन काळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी प्राचीन काळात राहणाऱ्या एकमेव सभासदास बाहेर घालवावे, यातील विनोद त्याच्याखेरीज कोणास दिसला नाही. अभिमान्यास भूतकाळ आरशासारखा हवा असतो, ज्यात आपलेच तोंड दिसावे. पुराजीवीस तो परगावासारखा हवा असतो, जेथे गेल्यावर तेथले वाढतील ते खावे आणि आपले लोणचे काढू नये. सातवाहनांची जयंती निघत नाही, मिरवणूक निघत नाही, त्यांच्यामुळे कोणाच्या भावना दुखावत नाहीत. ज्या प्रेमातून काहीही पदरात पडण्याची शक्यता नाही असे प्रेम तो गेली चाळीस वर्षे करीत आहे.

जुन्नरजवळील नाणेघाट हे त्याचे तीर्थक्षेत्र. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे, ज्यात व्यापारी जकातीची नाणी टाकीत असे परंपरा सांगते. आणि जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ज्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व नाण्यांची मोजदाद आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. वरती कोरलेली नावे आणि खाली काही पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. इतिहास म्हणजे ती नावे आणि ती पावले, मधली मोकळी जागा कादंबरीकाराची, आणि त्या जागेत भलते काही घुसू नये म्हणून कोणीतरी पेन्सिल घेऊन बसले पाहिजे, एवढेच आपले काम, असे पुराजीवी तेथे खाली बसून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात त्या लेण्याच्या तोंडाशी बसून त्याने पंचा सोडला. आत भाकरी होती, कांदा होता आणि शेंगदाणे घालून वाटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता. बरोबरच्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांतील एकाने, वर्षानुवर्षांचा सूड उगवण्याच्या हेतूने, या ठेच्याचे काय, असे विचारले. पुराजीवीने भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा लावला, भिंतीवरील रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिले आणि संकोचून म्हणाला, ‘राणीला आवडला असता.’

या विधानाच्या समासात कोणीही रेघ मारली नाही.