माइंडमधून स्लिप झालं म्हणे!

ऐकलं का काही? जालन्यात हल्ली कुणी काही विसरत नाही. ज्याच्या त्याच्या 'माइंडमधून स्लिप' होतं.

बाहेरचं कशाला सांगू, आमच्याच घरातलं ऐका. बहिणीच्या पोराला गिरणीवर ज्वारीचं दळण आणायला धाडलं होतं. स्वारी तासाभराने गांधी चमनला चक्कर मारून हात हलवत घरी. इकडे तवा तापलेला, आई परात पुढे ओढून बसलेली. बहिणीने दारातच विचारलं, "दळण?" तर कपाळाला हात लावून म्हणतो, "सॉरी मम्मी, माइंडमधून स्लिप झालं." आई परात सोडून उठली. "आगं माय, घसरलं का काय लेकरू? गुडघे बघा आधी त्याचे!" गुडघे शाबूत होते. डबा गिरणीत होता. गिरणी बंद झाली होती. रात्री खिचडी.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं! पण साथ पसरलीय हो. परवा एका बैठकीत एक तरुण गृहस्थ बोलता बोलता अडखळले आणि गोड हसून म्हणाले, "सॉरी, माझी ट्रेन ऑफ थॉट गेली." मागे बसलेल्या काकांनी अगदी काळजीने विचारलं, "कोणती, देवगिरी का तपोवन?" काकांचं काय चुकलं? जालन्यात ट्रेन गेली म्हटल्यावर दुसरं काय विचारायचं?

गंमत अशी की या ट्रेनचा आगगाडीशी काडीचा संबंध नाही. थॉमस हॉब्जने 'लेव्हायथन' ग्रंथात विचारांच्या ट्रेनबद्दल लिहिलं ते १६५१ साली. तेव्हा इंग्लंडात वाफेच्या गाडीचा पत्ता नव्हता. त्याची ट्रेन म्हणजे एकामागून एक चालणारी रांग, लवाजमा. आपण दिंडी म्हणू. "माझ्या विचारांची दिंडी पांगली" असं ते गृहस्थ म्हणाले असते तर अख्ख्या बैठकीने टाळ्या दिल्या असत्या. पण नाही, आम्हाला ट्रेनच पाहिजे!

आणि ती 'कोअर मेमरी'! शेजारची कॉलेजातली मुलगी मोसंबी सोलत होती. चांगली गोड, बदनापूरकडच्या बागेतली. खायचं सोडून तिने मोबाइल उभा केला, फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "कोअर मेमरी अनलॉक!" मी चौकशी केली. हे खूळ पसरवलं 'इनसाइड आउट' नावाच्या कार्टूनपटाने, २०१५ सालच्या. त्यात आठवणी म्हणजे चकाकते गोळे, आणि आनंदाचे गोळे पिवळेधमक. म्हणजे शेवटी मोसंबीच की! मोंढ्यात ढीग लागतो तिचा. पोरीने आजोळची आठवण आली म्हटलं असतं तर मी दोन फोडी मागून घेतल्या असत्या. अनलॉक म्हटल्यावर हात पुढे करायची सोय राहिली नाही.

आता आपणही फार सोवळे नाही, हे कबूल करते. आपल्या मनात पाल चुकचुकते, हे एखाद्या इंग्रजाला सांगून बघा, तो चार पावलं मागे सरकेल. गुपित आपण पोटात ठेवतो. कविता पाठ करायची तर इंग्रज ती हृदयाने करतो, आपण तोंडपाठ करतो. म्हणूनच ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तोंडातून निघून जाते की काय, कोण जाणे. आणि 'ट्यूब पेटली' हे कुठलं हो संस्कृत?

तेव्हा इंग्रजी शब्दांचं मला काही नाही. खरी भानगड पुढे आहे.

मराठी काय म्हणते बघा. 'मला आठवलं.' आठवण आपली आपण चालत आली, त्यात माझी फुशारकी नाही. पण 'मी विसरलो.' इथे कर्ता समोर, मान खाली. इंग्रज याच्या बरोबर उलटा! आठवलं की 'आय रिमेंबर्ड', म्हणजे पराक्रम माझा. आणि राहून गेलं की 'इट स्लिप्ड माय माइंड', म्हणजे ती वस्तूच निसटली, मी बिचारा काय करणार? 'आय फरगॉट' त्यांच्याकडेही आहे, पण आमच्या पोरांनी नेमकं ते उचललं नाही. विसर पडला, ध्यानात नाही राहिलं, अशा पळवाटा आपल्याकडेही आहेत. पण दळणाचा डबा गिरणीत ठेवून आलेल्याने आईसमोर "विसर पडला" म्हणावं आणि लाटणं चुकवून दाखवावं!

आणि हे कुठे, तर जालना जिल्ह्यात! घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांनी मनाला उद्देशून दोनशेपाच श्लोक लिहिले. मनाला सज्जन म्हणून हाक मारली, समजावलं, दटावलं. दोनशेपाच वेळा मनाशी बोलून झालं, पण दळण राहिलं तर खुशाल मनावर ढकला, अशी सवलत त्यांनी एकाही श्लोकात दिलेली नाही.

आमच्या आईने पोराच्या रुमालाला गाठ मारून दिलीय. तिची जुनी पद्धत, पूर्वी पदराला मारायची. रुमाल सध्या सापडत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. उसने पैसे नेलेला माणूस अंबड चौफुलीवर भेटला आणि "माइंडमधून स्लिप झालं" म्हणाला, तर त्याला तिथेच उभा करा. "मी विसरलो" हे दोन शब्द मराठीत म्हणवून घ्या. चहा त्यानंतर, आणि तोही त्याच्याच पैशाने.