अस्सल कोल्हापुरीच्या शोधात

आम्ही चौघे मित्र शनिवार-रविवार गाठून कोल्हापूरला निघालो, तेव्हा आमच्यापैकी तिघांनी कोल्हापूर आधीच पाहिलेलं होतं. दादरच्या एका हॉटेलातल्या मेन्यूकार्डावर. 'व्हेज कोल्हापुरी'पुढे दोन लाल मिरच्या छापलेल्या असतात. आमचा कोल्हापूरचा भूगोल त्या दोन मिरच्यांपाशी संपत होता.

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सकाळी उतरलो. अंबाबाईचं दर्शन झालं; देवळाच्या आवारातच आमच्यातल्या खजिनदाराने गाडीतल्या चहाचा हिशेब मांडला. मग मिसळ. आमच्यातल्या शाकाहारी मित्राने पहिला घास घेतला आणि तो निराश झाला. डोळ्यांतून पाणी आलं नाही, म्हणजे आपली फसवणूक झाली असं त्याचं मत.

"तिखट कमी आहे," तो मालकांना म्हणाला.

"पावणं, तिखट येगळं आणि झणझणीत येगळं. तिखटच पायजे आसंल तर नुसती चटणी देतो की."

त्याने ती घेतली. पुढचा अर्धा तास तो काही बोलला नाही. सहलीत एवढी शांतता पुन्हा लाभली नाही.

दुपारी आम्ही तिघे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवत असताना शाकाहारी मित्राने वेटरला बोलावून व्हेज कोल्हापुरी मागितली. वेटरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, हितं वांगं बी कोल्हापुरीच की. कंचं आणू?" शेवटी अख्खा मसूर आला. त्याने तो पुरावा नष्ट करावा तसा मुकाट्याने संपवला.

एवढं जेवल्यावर स्थलदर्शन म्हणजे शिक्षाच. 1884 साली पूर्ण झालेल्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ आहेत; त्यांच्या आणि आमच्या चेहऱ्यांवर एकच भाव होता. शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेलं खासबाग मैदान असं बांधलंय की कुठेही बसा, लाल मातीतली कुस्ती दिसते. आम्ही मात्र रिक्षात बसलो होतो, आणि तिथून फक्त भिंत दिसली.

खरा आखाडा भरला तो चप्पल लाईनीत. मॉलमध्ये छापील किंमत देवाज्ञा मानणारा खजिनदार इथे कापशी चपलेवर 50 रुपयांसाठी अर्धा तास लढला. खिळा नाही, चामड्याच्याच वादीने घातलेली हातशिलाई, 2019 पासून भौगोलिक मानांकन. कारागीर सगळं समजावून सांगत होते आणि हा "शेवटचा भाव बोला" म्हणत होता. एवढ्यात कुणीतरी 2025 च्या मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोचा विषय काढला. तिथे याच घडणीच्या चपला रॅम्पवर आल्या, कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. खजिनदार एकदम पेटला. "आपल्या कारागिरांच्या कष्टांना किंमतच नाही!" असं गरजून त्याने आणखी 30 रुपये पाडून घेतले.

सोमवारी रात्री चौघे पुन्हा दादरच्या त्या हॉटेलात. व्हेज कोल्हापुरी आली. वर फरसबी, खाली लाल तेल. शाकाहारी मित्राने घास घेतला, डोळे पाणावले, नाक पुसलं. मग टेबलाखाली नवी चप्पल करकरवत तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "हे अस्सल. कालच कोल्हापूरहून आलोय, म्हणून सांगतो."