तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही

4 मार्च 1870 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. निमित्त होते जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या आगगाडीचे. वऱ्हाडच्या कापसाला मँचेस्टरची वाट लवकर सापडावी, एवढाच त्या लोहमार्गाचा मतलब. पण वऱ्हाडचे ऊन बाधले म्हणा की काय, त्याच वर्षी 14 डिसेंबरला साहेबांच्या सरकारने एक ठराव काढला. शिक्षण, दवाखाने, रस्ते यांचा खर्च कलकत्त्याहून बघण्यापेक्षा प्रांतांनी बघावा आणि ज्यांचे काम त्यांनीच त्यावर लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय. स्थानिक कारभाराची वंशावळ लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तेव्हा खामगाव तालुक्याचे आणि विकेंद्रीकरणाचे नाते दीडशे वर्षांहून जुने आहे. या काळात ती आठ मैलांची लाइन पुढे जालन्यापर्यंत न्यावी ही मागणी शंभरी ओलांडून गेली, सर्वेक्षणे झाली, आश्वासने झाली, रूळ तेवढे राहिले. अधिकार मात्र थेट याच तालुक्यातल्या पिंपळगाव राजा या गावापर्यंत येऊन पोचले. निदान कागदावर.

नावात राजा असला तरी इथला कारभार ग्रामपंचायतीचा. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय मोजून दिले गेले: शेती, पाणी, रस्ते, शाळा, बाजार, अगदी वाचनालयसुद्धा. विषय मिळाले, आता पैसे आले की झाले! पैसेही आले. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. त्यातला 60 टक्के भाग ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ‘अबंधित’. हा निधी सासऱ्याने केलेल्या आहेरासारखा असतो. रंग त्याने ठरवायचा, माप त्याने घ्यायचे, आणि जावयाने तो घालून गावभर हसत फिरायचे.

आता समजा, एखाद्या गावात शाळेचे पत्रे गळताहेत. पाणी तर आहे, शिवाय ते वरून येते आहे. पण ते पाणीपुरवठ्यात बसत नाही. पावसाचे पाणी साठवणे बंधितमध्ये बसते, पावसापासून पोरे वाचवणे बसत नाही. मग पत्रे अबंधितमधून बदलावेत, तर तिथे आधीच रांग लागलेली असते, आणि रांगेत सगळ्यात पुढे गट्टू उभे असतात.

गट्टूंबद्दल, म्हणजे रस्त्यावर बसवायच्या सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकबद्दल, सवडीने बोलायला हवे. विदर्भातल्या कुठल्याही गावात गेल्या काही वर्षांत काय वाढले, तर गट्टू आणि हायमास्ट. गट्टूचे गुण अनेक. लवकर बसतो, फोटोत चांगला येतो, मापाला सोपा, आणि नळाची लाइन टाकायची वेळ आली की सहज उपटता येतो. जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला झाली, घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असे ठरले. मुदत 2024 होती, ती 2028 झाली. त्यामुळे अजून काही वर्षे आधी गट्टू की आधी पाइप, हा वाद कोंबडी-अंड्याच्या पातळीवर चालू राहू शकतो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी त्याचा निकाल कधीच लावला आहे: “आधी गट्टू, मंग पाइप, मंग वापस गट्टू. दोन डाव एमबी होते ना बापा!” एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिच्यावरून बिल निघते. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही एमबी कळते. साक्षरतेच्या आकडेवारीत हे कुठे धरले जात नाही, हा आकडेवारीचा दोष.

हे सगळे ठरते ग्रामसभेत. कायद्याने ती सर्वोच्च. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजारोंच्या गावात शंभर माणसे म्हणजे एका बऱ्यापैकी बारशाची पंगत. तरी ती जमत नाहीत, कारण बारशाला जेवण असते. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, आणि इथे नियम लिहिणाऱ्याची प्रतिभा दिसते: तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अटच नाही. पहिल्या दिवशी नव्वद माणसे आली तर ती कमी; पुढच्या वेळी नऊ आली तरी भरपूर. मग सूचक असतो, अनुमोदक असतो, आणि ग्रामसेवकाच्या वळणदार अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’ उमटते. नऊजणांत सर्वानुमत होणे सोपेच. ज्यांना विरोध करायचा असतो ते पानठेल्यावर असतात, आणि तिथे रोज सभा भरते, गणपूर्तीसह.

वरच्या मजल्यावर तर सभेचीच कटकट नाही. बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि 2025 सरले तरी तिथे प्रशासकच होते. सभासद नाहीत म्हणजे गोंधळ नाही, सभात्याग नाही, माइकची ओढाओढ नाही. एक माणूस ठराव मांडतो, तोच मंजूर करतो, तोच अंमलात आणतो. पण वित्त आयोगाची अट आडवी येते: निवडून आलेली संस्था असेल तरच तिचा वाटा. लोकशाहीवाचून कारभार चालतो हे सिद्ध झाले, अनुदान तेवढे चालत नाही.

गावातला रस्ता खराब झाला तर तक्रार करण्याआधी तो कोणाचा हे शोधावे लागते. गावठाणातला ग्रामपंचायतीचा, बाहेर पडला की ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून जिल्हा परिषदेचा, पुढे बांधकाम खात्याचा, मधला तुकडा एखाद्या पंतप्रधान योजनेचा. खड्डा मात्र कोणाचाच नसतो, तो स्वयंभू. काम जमत नाही असेही नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि कतारचा गिनीज विक्रम मोडला. हाच महामार्ग पुढे खामगाव, नांदुऱ्यावरून जातो. नांदुऱ्याचा मारुती 105 फूट उंच. त्याच्या पायाशी उभे राहून आतल्या गावांचे लोक विचारतात, की देवा, आमच्या दोन किलोमीटरला किती तास?

आकड्यांचा खरा पराक्रम बघायचा तर त्याच नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प आहे. मूळ अंदाज चारशे कोटींच्या आतला. सुधारित मान्यता होता होता तो तेरा हजार आठशे कोटींच्या वर गेला. कालव्याला पाणी कधी येईल ते येवो, अंदाजपत्रकाला पूर येऊन गेला.

एवढ्यात गावांना नवे काम मिळाले. 17 सप्टेंबर 2025 रोजी ‘मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान’ सुरू झाले. राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला पाच कोटी! गाडगेबाबांच्या नावाच्या स्वच्छता अभियानाने विदर्भात एकेकाळी खरोखर झाडू हातात दिला होता, हे कबूल करायला हवे. स्पर्धेने कामे होतातच. पण बक्षीस लागले की भिंती आधी रंगतात आणि नाल्या नंतर आठवतात. या अभियानात करवसुलीलाही गुण असल्याने सरकारने थकबाकीदारांना हात दिला: चालू वर्षाचा कर आणि थकबाकीची निम्मी रक्कम एकदम भरा, उरलेली निम्मी माफ, मात्र ग्रामसभेने तसे ठरवले पाहिजे.

मग अशाच एखाद्या ग्रामपंचायतीत दहा-दहा वर्षे फिरकले नव्हते ते लोक पावत्या फाडायला गर्दी करतात. त्या गर्दीत दरवर्षी एप्रिलमध्ये घरपट्टी चुकती करणारा एक निवृत्त मास्तर हळूच विचारतो, “भाऊ, आमच्यासाठी काही सवलत?”

कारकून रजिस्टरातून मान वर न काढता म्हणतो, “तुमच्यावर बाकीच नाही ना गुरुजी. काहून भरलं एवढ्या लवकर?”