कॅमेरा पाहिजे, निर्व्यसनी

मुलीला स्थळ आलं की आपण मुलाच्या आत्याच्या शेजाऱ्यांपर्यंत चौकशी करतो. कॅमेरा मात्र सेलमध्ये स्वस्तात दिसला की थेट हॉलमध्ये! वर त्याची मान गरागरा फिरते म्हणून कौतुक. दिवसभर टिपलेलं तो रात्री कुणाच्या घरी नेऊन ठेवतो, हे कुणी विचारत नाही.

विचारावं. घराणं मोठं म्हणून चालचलन चांगलंच असेल, असं नाही. अ‍ॅमेझॉनच्या ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठपका ठेवला, की कंपनीची माणसं ग्राहकांच्या घरातलं चित्रण, बायकांच्या बेडरूममधलंसुद्धा, बघत होती. प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं. पुढच्या वर्षी ‘वायझ’ या दुसऱ्या कॅमेरा कंपनीने सुमारे १३ हजार ग्राहकांना भलत्यांच्याच घरांची चित्रं दाखवली. शेजारधर्म!

आपणही मागे नाही. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. तपासाचे धागे लातूर-सांगलीपर्यंत पोचले. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड निघाला ‘अ‍ॅडमिन१२३’. दाराला तीन कड्या आणि किल्ली पायपुसण्याखाली, ही आपली जुनीच रीत.

तेव्हा चित्रण क्लाउडवर न धाडता मेमरी कार्डावर ठेवणारा, माइक बंद करता येणारा, ओटीपीशिवाय कुणाला आत न घेणारा आणि भिंगावर सरकतं झाकण असलेला कॅमेरा बघावा.

आमच्या सोसायटीतल्या एका सुजाण कुटुंबाने हे सगळं पाहूनच घेतला. मग बैठक बसली. हॉलमध्ये नको, आजोबा बनियनवर असतात. पॅसेजमध्ये नको, लेक तिथेच फोनवर बोलते. बेडरूमचं नाव काढताच सूनबाईंनी २०१७ चा, नऊ न्यायमूर्तींचा, खासगीपणाचा निकाल ऐकवला. सर्वांचे मूलभूत अधिकार असे शाबूत राखून कॅमेरा एकमताने स्वयंपाकघरात लागला. भांडी घासणाऱ्या मावशींच्या डोक्यावर.

त्यांना विचारलं का? कशाला! २०२३ चा डेटा संरक्षण कायदासुद्धा घरगुती वापराला हात लावत नाही, हे आजोबांनी खास वाचून ठेवलं होतं.

मावशींनी काही वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओटा पुसून झाल्यावर त्यांनी ओलं फडकं कॅमेऱ्यावरच वाळत घातलं. झाकणाचे जास्तीचे सातशे रुपये उगाच गेले, म्हणून आजोबा अजून हळहळतात.