खलनायकाचे स्वभावचित्र रेखाटा (गुण आठ)

साहित्य: एक रहस्यकथा, एक पेन्सिल आणि मोकळी रात्र. कथा आर्थर कॉनन डॉइलची ‘द स्पेकल्ड बँड’ घ्यावी. ती १८९२ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आली, तेव्हा रहस्य फोडल्याची तक्रार आता चालणार नाही. खलनायक डॉ. ग्रिम्सबी रॉयलॉट, मुक्काम स्टोक मोरन, परगणा सरे.

नवशिक्याने आधी विशेषणं उरकून घ्यावीत: क्रूर, लोभी, शीघ्रकोपी. पुरावे आयतेच आहेत. कलकत्त्यात डॉक्टरकी करताना घरात चोऱ्या झाल्या, म्हणून रागाच्या भरात याने आपल्या देशी बटलरला जिवे मारलं. फाशी थोडक्यात चुकली. गावच्या लोहाराला उचलून ओढ्यात फेकलं. होम्सच्या घरी घुसून शेकोटीची लोखंडी सळई नुसत्या हातांनी वाकवली. इथवर दोन गुण. गाईडवाले इथेच थांबतात.

आता पेन्सिल घ्या आणि हिशेब मांडा. दिवंगत बायकोच्या इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला साडेसातशे पौंड. दोन सावत्र मुलींपैकी जिचं लग्न होईल तिला त्यातले अडीचशे द्यायचे. दोघी उजवल्या की डॉक्टरसाहेबांच्या हाती उरले अडीचशे. पहिली, ज्युलिया, लग्नाला पंधरवडाही उरला नसताना गेली. दुसरीचं, हेलनचं, जमलं तेव्हा याने काय केलं? काहीच नाही. विरोधाचं अवाक्षरही नाही. लोहाराला ओढ्यात फेकणारा माणूस अडीचशे पौंड जाताना गप्प बसतो, तिथे समासात जाड खूण करावी. मग एकाएकी घराची डागडुजी निघते, हेलनच्या खोलीची भिंत फोडली जाते आणि तिला मेलेल्या बहिणीच्या खोलीत झोपावं लागतं.

त्या खोलीतली खाट जमिनीला खिळलेली आहे. उशाशी घंटेची दोरी लोंबते, पण तिला घंटाच नाही. वरचा झरोका उघडतो तो थेट डॉक्टरच्या खोलीत. सळई रागात वाकते. खाट खिळायची तर आधी माप घ्यावं लागतं. पलीकडून सोडलेला साप दोरीवरून उतरेल, पण पहिल्याच रात्री डसेल याचा काय भरवसा? म्हणून रोज रात्री सोडायचा, उजाडण्याआधी शिट्टी मारून परत बोलवायचा, बशीतलं दूध दाखवायचं. रॉयलॉटच्या रागाला अख्खं गाव भितं, त्यामुळे त्याच्या चिकाटीकडे कुणाचं लक्षच जात नाही. उरलेले सगळे गुण या वाक्याला आहेत.

एखादा सर्पमित्र इथे हात वर करील: दूध हे सापाचं अन्न नव्हे, त्याला बाहेरचे कान नसतात, शिट्टी कसली ऐकतोय! खरं आहे. आवारात मोकळा सोडलेला बबूनही म्हणे भारतातून मागवलेला, आणि भारतात बबून नसतोच. हे गुन्हे डॉइलच्या खात्यावर टाकावेत. (आवडत्या होम्सकथांची यादी त्याने १९२७ साली केली, तिच्यात हीच कथा पहिली लावली.)

शेवटी साप डॉक्टरलाच डसतो, तेव्हा ‘करावे तसे भरावे’ लिहायचा मोह होईल. पण साप आपसूक उलटलेला नाही. अंधारात दबा धरून बसलेल्या होम्सने त्याला छडीने झोडपलं, म्हणून तो चवताळून झरोक्यातून परत गेला. त्या मृत्यूला आपण काही अंशी जबाबदार आहोत हे होम्स कबूल करतो आणि त्याची आपल्याला फारशी टोचणी नाही, हेही लगोलग सांगून टाकतो. उत्तरपत्रिकेत हे लिहू नये. ‘होम्सचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न पुढच्या पानावर आहे, आणि त्यालाही आठच गुण आहेत.