शिपायाला सागवान कशाला?

टेबलावरच्या लढाईसाठी चिमुकले शिपाई रंगवणारा माणूस चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत राहत असेल, तर त्या शिपायांच्या पायाखाली काय चिकटवायचं हा प्रश्न त्याला पडूच नये, असं बाहेरच्यांना वाटतं. चांद्याचा सागवान हाताशी आहे. त्याची तर 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत पाठवणी झाली. गावातच कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ, म्हणजे मातीकामाची नामांकित परंपरा. बांबूला तर तोटाच नाही. शिवाय तोफगोळ्यांत दारू भरणारी आयुध निर्माणीही इथलीच, त्यामुळे युद्धाचं वातावरण आयतं. एवढं वैभव असताना माझं मत असं, की 28 मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या शिपायाला हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वॉशर लावावा. नट-बोल्टातला. हे ऐकून अनेकांचा जिल्हाभिमान दुखावतो, म्हणून हिशेबच मांडतो.

बारा मिलिमीटरच्या बोल्टचा साधा वॉशर बाहेरून 24 मिलिमीटर, जाडीला अडीच, वजनाला सहा ग्रॅमच्या थोडा वर. जवळपास तेवढीच, तीन मिलिमीटर जाड सागवानी चकती भरते जेमतेम एक ग्रॅम. शिपाई तीन ग्रॅमचा धरला, तर सागवानावरचा गडी साधारण 43 अंश कलला की आडवा होतो. वॉशरवरचा साठ अंश ओलांडले तरी परत उभा राहतो, कारण सगळा भार खाली उतरलेला असतो. सागवानाने वजनात वॉशरची बरोबरी करायची, तर दोन सेंटीमीटर उंच ओंडका लागेल. मग शिपाई लढायला आलाय की झेंडावंदनाला चौथऱ्यावर चढलाय, हे शत्रूलाही कळायचं नाही. पडण्याचं एवढं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’ या युद्धखेळाच्या नियमपुस्तकात, म्हणजे 1913 साली, खेळण्यातल्या तोफेने शिपाई खरोखरच पाडायचे असत, पडला तो मेला, वाद मिटला. तिथले शिपाईही धातूचे, पायाखालची पट्टी अंगाबरोबरच ओतलेली. आता मरण फाशांवर ठरतं आणि चाल टेपने मोजतात. त्यामुळे कुणाच्या बाहीच्या धक्क्याने पडलेला शिपाई मरत नाही. तो नेमका कुठे उभा होता यावरून दोन जिवंत माणसं भांडतात.

यावर विदर्भात हमखास येणारा आक्षेप तान्ह्या पोळ्याचा. आमचा लाकडी नंदी लाकडाच्याच पाटीवर उभा राहतो, गावभर फिरतो, पडतो का? नाही पडत. पण नंदीला पाय चार, तेही चारी कोपऱ्यांत, आणि खालची चाकांची पाटी त्याच्याएवढीच लांब. आपला शिपाई एका पायावर भार टाकून, भाला डोक्यावर उगारून, पुढे झुकून उभा. त्याला नंदीसारखी ऐसपैस पाटी दिली तर खांद्याला खांदा लावून रांग कशी धरायची? मधल्या फटीतून शत्रूची बैलगाडी जाईल.

मातीचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण भाजलेली चकती तीन ग्रॅमपर्यंत जाते. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते. 25 हवेत तर 27-28 कापायचे, आणि दर वेळी तेवढंच आकसेल याची हमी भट्टी देत नाही. चकती टेबलावरून फरशीवर गेली की विषयच संपला. जाड पुठ्ठा आणि पातळ एमडीएफ यांची तऱ्हा निराळी: वरून फेव्हिकॉल लावून वाळू टाकली की तो भाग सुकताना ताणतो आणि चकतीच्या कडा वर येतात. दोन्ही बाजू रंगवल्या तर वाचते, पण खालची बाजू रंगवायचा उत्साह पहिल्या दहा शिपायांपुरताच असतो. एमडीएफला आपला पावसाळाही मानवत नाही, तो कडेने फुगतो. बांबू गुळगुळीत, वजनाला सागवानाचाच भाऊ.

दोन रुपयांच्या नाण्याचा मोह मात्र मला समजतो. 2011 च्या मालिकेतलं नाणं बरोबर 25 मिलिमीटर आणि 4.85 ग्रॅमचं आहे, जणू टाकसाळीत कोणी छंदिष्ट बसला होता. पण चलनी नाण्याचा पत्र्यासारखा वापर कायद्याला मंजूर नाही, आणि शंभर शिपायांची पलटण उभी करायची तर दोनशे रुपये कायमचे पायदळी जाणार.

वॉशरला भोक असतं, हा आक्षेप खरा. खालून कागद चिकटवून एम-सीलने ते बुजवावं. शिपायाच्या पायाखाली खुंटी असेल तर तिथेच रोवता येते. गंज चढतो म्हणाल, तर रेड ऑक्साइडचा हात मारावा. तसंही त्यावर माती-गवत चढवून बैठक झाकायचीच असते, त्यामुळे खाली सागवान आहे हे बघणाऱ्याला सांगावं लागतं. आणि जे सांगावं लागतं त्यासाठी लाकूड कशाला खर्ची घाला?

घोडेस्वारापुढे मात्र माझा वॉशर हात टेकतो. त्याला लांबट बैठक हवी आणि लांबट वॉशर दुकानात मागितला की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग मालकाकडे. घोड्याचे चारही पाय टेकलेले असतील तर तिथे खुशाल सागवानाची पट्टी लावावी. फक्त त्यासाठी बल्लारपूरच्या डेपोत जाऊ नये. तिथे हिशेब घनमीटरात चालतो. सुताराच्या रंध्याशेजारी पडलेले तुकडे अख्ख्या घोडदळाला पुरतात.